ह्यांच्या रेडिओला स्पीकर

६ फेब्रुवारी १९९४, रविवार
आज उचगावात राहायला आले. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी, पण पडवीत दिवसभर उजेड असतो, आणि मला उजेडच पाहिजे होता. मी वाकळा शिवते. जुन्या लुगड्यांचे थर घालून बारीक धावदोरा घालायचा, त्याला डोळे लागतात. शिरोलीच्या खोलीत दिवसासुद्धा बल्ब लावावा लागायचा. ह्यांच्या माघारी ती खोली सोडली, आणि सोडताना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

घरमालकीण मल्लव्वा माझ्याच वयाची, माझ्यासारखीच एकटी. माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं, त्यामुळं बोलता बोलता मधेच कानडी येतं. तिचा मुलगा श्रीशैल ट्रक चालवतो. त्यानंच माझं सामान आणलं. स्टोव्ह, भांडी, चिंध्यांची गाठोडी, आणि ह्यांचा रेडिओ. रेडिओ मी मांडीवर घेऊन बसले. श्रीशैल म्हणाला, मावशी, द्या की, मागं पोत्यावर ठेवतो. मी दिला नाही. मग हसून म्हणाला, म्हणजे काका पुढं बसल्यात म्हणायचं. मला राग आला नाही. खरं तर बरं वाटलं.

मल्लव्वाचं सैपाकघर आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत आहे. तिनं भाकरी थापलेली मला ऐकू येते. संध्याकाळी गरम भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आली आणि माझ्या उंबऱ्यावर बसून राहिली. जाताना म्हणाली, "हे काय घर न्हाय आक्का, नुसती भिंत हाय मधी. तू हाक मार, मी ओ देणार."

खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१० फेब्रुवारी
मी रोज काय लिहिते असं मल्लव्वानं विचारलं. ही डायरी खताच्या दुकानातली, श्रीशैलला फुकट मिळालेली, गेल्या सालची. मी म्हटलं, दिवसाचं लिहिते. पाटीवर लिहिलेलं पुसलं जातं, हे राहतं.

तिला वाचता येत नाही. तिनं सांगितलं नाही, मी ओळखलं. आज लाइटचं बिल आलं, ते तिनं हातात धरलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, मान हलवली आणि "व्हय व्हय" म्हणाली. बिल उलटं होतं. मीही किती वर्षं असंच केलं. मी चौथी शिकलेली आहे असं माहेरच्यांनी लग्नात सांगितलं होतं. ते खोटं होतं, आणि मी ते निभावून नेलं.

मग ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली, आता आवाज का येत नाही ते कळत नाही. हे पाटीवर लिहायला लागले. पहिले कितीतरी दिवस हे लिहायचे, मी मान हलवायची आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसून परत द्यायची. मग शेजारच्या पोरीचं पहिलीचं पुस्तक आणलं आणि हे कामावर गेले की लपून शिकले. मला वाचता यायला लागलं तोपर्यंत ह्यांचं लिहिणंही कमी झालं होतं. चहा. गोळी. तू जेव. शेवटी शेवटी एवढंच.

आता मी पेपर वाचते, लायब्ररीतली पुस्तकं वाचते. वाचायला लागलं की माणूस एकटं राहू शकतं.

२० फेब्रुवारी
आज रेडिओ जोडला. हे फौंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करायचे, त्यामुळं पेटी अशी आहे की सांधा दिसत नाही. आत दोन काचेचे व्हॉल्व, हातानं गुंडाळलेली तांब्याची कॉइल, आणि खाली डालड्याच्या डब्याचा पत्रा. सगळं ह्यांनी स्वतः केलेलं. बटण दाबलं की लगेच बोलत नाही. आधी व्हॉल्वमधली तार लाल होते, मग घुमल्यासारखं होतं, मग सांगली केंद्र लागतं. एक तार छताखालच्या एरियलच्या जाळीला आणि एक जमिनीत. जमिनीतली तार मल्लव्वाच्या न्हाणीमागं ओल्या जागेत पुरली.

ह्याला स्पीकर नाही. हेडफोनवरच ऐकावं लागतं. आवाज गेल्यावर हे तासन्‌तास तो डोक्याला लावून बसायचे. डोळ्यांतनं पाणी यायचं. मला वाटायचं जुनी गाणी लागत असतील. मी कधी मागितला नाही.

मल्लव्वा आली. हेडफोन एकच, म्हणून एक बाजू तिच्या कानाला, एक माझ्या. डोक्याला डोकं लावून ऐकत बसलो. तिच्या केसांना एरंडेलाचा वास येतो. भावगीत चाललं होतं आणि आम्ही दोघी हलायची सोय नाही म्हणून हसत होतो. ती म्हणाली, लग्नात नवरानवरीचं डोकं लावत्यात तसं झालंया.

गाण्याच्या खाली बारीक खरखर ऐकू येते. खर्र, खर्र, खर्र, मग एक लांब. थोडं थांबून पुन्हा तसंच. मल्लव्वा म्हणाली, उंदीर शिरलाय पेटीत.

४ मार्च
वाकळ शिवत पडवीत बसावं तर हेडफोनची तार तिथवर पोचत नाही. घरात बसावं तर उजेड नाही. मल्लव्वा रोज म्हणते, मोठ्यानं वाजंल असं कर की आक्का, मलाबी भाकरी करताना ऐकू दे. तेव्हा कोल्हापूरला जाऊन पिराजीला गाठलं. त्याचं स्टँडमागं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. ह्यांचा जुना दोस्त. मला वैनी म्हणतो आणि ह्यांची आठवण निघाली की नाक शिंकरतो.

म्हणाला, रविवारी येतो. त्यानं सांगितलं की हेडफोनपुरता जीव असलेला सेट स्पीकरचा एवढा मोठा कागद हलवू शकत नाही, आणखी एक व्हॉल्व आणि मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा लागेल. मला अर्धंच कळलं, पण ऐकायला बरं वाटलं. हे असंच बोलायचे.

६ मार्च
पिराजी दिवसभर होता. पेटीची मागची फळी काढली आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग मला बोलावलं. पेटीच्या पुढच्या बाजूला एक गोल भोक आहे आणि त्यात गोल लाकूड इतकं घट्ट बसवलंय की बाहेरून नख फिरवल्याशिवाय कळत नाही. आत तारा कापलेल्या. "वैनी, ह्याला आदी स्पीकर हुता. काढला कुणी?"

मला माहीत नव्हतं. शिरोलीत सुरुवातीला ह्यांचा रेडिओ मोठ्यानं वाजायचा का, ते मला नीट आठवेना. मी त्या वेळी दोन पाळ्यांत भांडी घासायला जात होते. मी म्हटलं, ह्यांना एकट्यानं ऐकायची आवड.

त्यानं ते लाकूड ठोकून काढलं. तिथं नवा स्पीकर बसवला, आणि भिंतीतनं तार काढून दुसरा एक छोटा मल्लव्वाच्या सैपाकघरात, फडताळावर. मल्लव्वाला गंमत दाखवायला त्यानं आधी तो छोटा स्पीकर हेडफोनला जोडला आणि तिला म्हणाला, बोला ह्याच्यात. ती बोलली आणि तिचा आवाज मला हेडफोनमधे आला. पिराजी म्हणाला, "स्पीकर म्हंजे कानच हाय वैनी. उलटा बसवलेला. बोलायला लावला तर बोलतोय, ऐकायला लावला तर ऐकतोय."

मल्लव्वानं पदर तोंडाला लावला. "यव्वा, म्हंजे आम्ही काय बी बोलायचं न्हाय व्हय सैपाकघरात?"

संध्याकाळी दोन्ही घरांत एकदम गाणं वाजलं. खरखर अजिबात नव्हती. भिंतीपलीकडनं मल्लव्वा गाण्याबरोबर गात होती, बेसूर. अशी संध्याकाळ पुन्हा मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

११ मार्च
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी सांगलीचा कार्यक्रम संपतो, मग संध्याकाळपर्यंत काही नसतं. मी हातातलं टाकून उठायचा कंटाळा केला, रेडिओ तसाच घुमत राहिला. मल्लव्वा बाजाराला गेली होती. पडवीत ऊन होतं. आणि घरातनं खोकल्याचा आवाज आला.

तो खोकला मी ओळखते. साच्याच्या लाकडाचा भुसा छातीत जायचा, तेव्हाचा. दोनदा, आणि मग घसा साफ केल्यासारखा.

मग म्हणाले, "अगं."

सुई बोटात गेली. मी तशीच आत गेले. पेटीसमोर उभी राहिले. मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही, या वहीतही लिहीत नाही, सवयच नाही. जे आयुष्यभर म्हटलं तेच तोंडातनं आलं. "अहो."

"ओ," असं आलं आतनं.

पुढचं लिहिता येत नाही. मी जमिनीवर बसून रडले. ऑपरेशननंतर तो आवाज माझ्या डोक्यातनंही जायला लागला होता. चेहरा आठवायचा, आवाज आठवायचा नाही. तो मला परत मिळाला.

१४ मार्च
रोज दुपारी. मल्लव्वा तेव्हा लवंडलेली असते. तिला सांगितलं नाही. हे माझं आहे.

हे जास्त बोलत नाहीत. अगं म्हणतात. बोल म्हणतात. मग मी बोलते. काय शिवते, काय वाचलं, मल्लव्वा कशी आहे, श्रीशैल कधी येतो, सगळं. मधे थांबले की पुन्हा, बोल. जन्मात ह्यांनी माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

१९ मार्च
एक गोष्ट मनात येते. अहो म्हटल्यावर कुणीही बाप्या ओ देईल. आणि अगं कुणीही म्हणेल.

हे मला एकांतात एका वेगळ्या नावानं हाक मारायचे. ते आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. आज मी विचारलं, मला काय म्हणायचा सांगा. बराच वेळ नुसतं घुमत राहिलं. मग म्हणाले, तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

मी लाजले. या वयात. आणि सांगितलं.

लगेच त्या नावानं हाक मारली. अगदी ह्यांच्यासारखी. मी सुखावले, पण सांगून चूक केली असं नंतर भांडी घासताना वाटत राहिलं.

२७ मार्च, होळी
मल्लव्वानं पोळ्या आणल्या. माझा घसा बसलाय. ती म्हणाली, उन्हात बसून शिवतीस म्हणून. हळद घालून दूध दिलं. तिला म्हटलं, गाणं मोठ्यानं म्हण, मी ऐकते. ती म्हणाली, तुझा आवाज चुलीत घातल्यागत यायला लागलाय, आधी तू गप बस.

दुपारी हे म्हणाले, बोल. मी म्हटलं, घसा दुखतोय. म्हणाले, बोल.

२ एप्रिल
आवाज सकाळी थोडा येतो, दुपारनंतर नाही. डॉक्टरकडं गेले. घशात काही नाही म्हणाले. ह्यांनाही पहिल्यांदा असंच म्हणाले होते.

आज ठरवलं होतं रेडिओ लावायचा नाही. लावला. आवाज ऐकल्याशिवाय हात चालत नाही शिवायला.

६ एप्रिल
आज ह्यांचा आवाज मधेच बारीक झाला. वाक्य ह्यांनी सुरू केलं आणि शेवट बाईच्या आवाजात झाला.

तो माझा आवाज होता.

मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं. काही आलं नाही.

७ एप्रिल
बोलता येत नाही. कुजबूजही नाही. नुसती हवा.

रेडिओ बंद केला. लाइटची वायर भिंतीतनं काढली. व्हॉल्व गार झाल्यावर तिन्ही ओढून काढले आणि पिठाच्या डब्यात ठेवले. स्पीकरच्या तारा कात्रीनं कापल्या. पेटीवर वाकळ टाकली.

आता शांत आहे. जुनी पाटी काढली गाठोड्यातनं. आता मीच तिच्यावर लिहायचं.

८ एप्रिल
सकाळी चहा गाळत होते. भिंतीपलीकडनं हाक आली. "मल्लव्वा."

माझ्या आवाजात.

मल्लव्वा म्हणाली, "ओ. बोल की आक्का."

माझ्या हातातनं गाळणी पडली. तिकडं माझा आवाज विचारत होता, आज काय केलंस गं सैपाकाला. मल्लव्वा सांगत होती. चवळीची उसळ. हसत होती. तारा कापलेल्या आहेत, माझ्याकडचं टोक माझ्या हातात आहे. मी ते टोक हातात धरून उभी होते आणि पलीकडं त्या दोघी बोलत होत्या.

धावत तिच्याकडं गेले. मी दारात आले तसं ते गप झालं. मल्लव्वा म्हणाली, किती पळतीस, तिथनंच बोलायचं की. पिराजीनं लई झ्याक सोय केली, फोनवानी.

तिला वाटतंय मी भिंतीपलीकडनं तारेतनं बोलते.

९ एप्रिल
खुणा करून सांगितलं. स्पीकरकडं बोट, तोंडावर हात, नको नको. मल्लव्वा म्हणाली, घसा दुखतोय तर बोलू नको, मी कुठं बोल म्हणतीया. तूच सकाळधरनं बडबडतीयास.

पाटीवर लिहिलं. ती मी नाही. ओ देऊ नकोस. मोठ्या अक्षरात.

तिनं पाटी दोन्ही हातांत धरली. वरपासून खालपर्यंत बघितली. मान हलवली. "व्हय व्हय. कळलं की." आणि पदरानं पुसून मला परत दिली.

मी तिच्याकडं बघत राहिले. ती दुसरीकडं बघायला लागली. तिला लाज वाटत होती. ती लाज मला चांगली माहीत आहे.

१२ एप्रिल
श्रीशैल ट्रक घेऊन हुबळीकडं गेलाय. त्याला वाचता येतं. तो कधी येणार, मल्लव्वालाही माहीत नाही.

तिचा स्पीकर फडताळावरनं उचलून आणायला गेले. तिनं हात धरला. रागानं नाही, दुखावून. "देऊन परत नेतीस व्हय गं?"

तिचा आवाज घोगरा झालाय.

१५ एप्रिल
व्हॉल्व डब्यात नाहीत. पेटीत बसवलेले आहेत. मी बसवले नाहीत. वायर लावलेली नाही आणि व्हॉल्व लाल आहेत.

पेटी उचलून न्हाणीपर्यंत नेली. भाजली. हातावर फोड आलेत. दगड घेतला तर पेटीतनं माझ्याच आवाजात रडणं सुरू झालं, आणि मल्लव्वा ओरडत आली, आक्का, काय झालं गं, काय झालं. माझ्या हातातला दगड तिनं काढून घेतला. मला जवळ घेतलं. पाठीवरनं हात फिरवला, मग पदरात धरून पेटी परत घरात ठेवली. म्हणाली, नवऱ्याची आठवण अशी फोडायची न्हाय.

१८ एप्रिल
हेडफोन अजून जोडलेला आहे. मी डोक्याला लावला. स्पीकरवर माझा आवाज आणि हेडफोनमधे तीच खरखर. खर्र, खर्र, खर्र. मग लांब.

पाटी मांडीवर होती. मी सहज पेन्सिल फिरवली.

तोच आवाज.

हे शब्दाची अक्षरं आधी लिहायचे. वरची रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात. सगळी अक्षरं झाली की डावीकडनं उजवीकडं, लांब. खर्र, खर्र, खर्र, आणि लांब.

ते हे आहेत. आवाज नसलेले. तिथंही पाटीवर लिहितायत.

काय लिहितायत ते ऐकून वाचता येत नाही.

१९ एप्रिल
आठवलं. मिरजेहून ऑपरेशन करून आल्यावर पहिल्याच आठवड्यात. ह्यांनी पाटीभर लिहिलं. रेडिओकडं बोट दाखवलं. माझ्या तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडं बघत राहिले, कळलं का म्हणून.

मी मान हलवली.

पाटी पुसली. ओल्या फडक्यानं.

त्याच संध्याकाळी पेटी उघडून बसले होते. लाकूड गोल कापत होते. ह्यांना वाटलं, मला सांगून झालं.

आणि मग तासन्‌तास हेडफोन लावून ऐकायचे ते गाणी नव्हती. स्वतःचा आवाज होता. कुणाला हाका मारत असेल तो.

२१ एप्रिल
मल्लव्वाला अ, आ शिकवायला बसले. पाटीवर ओ काढला, ओठ गोल करून दाखवले. न काढला. तिनं गिरवलं. लाजत लाजत हसली. लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढून गिरवते. "ह्या वयात," म्हणाली. शब्द फाटके येतात तिचे.

महिनाभर मिळाला तर शिकेल.

मधेच फडताळावरनं माझी हाक आली. मी तिच्यासमोर बसलेय. माझं तोंड मिटलेलं. ती माझ्याकडं बघत होती.

आता कळेल असं वाटलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, फडताळाकडं बघितलं. घाबरली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, घट्ट.

पुन्हा हाक आली. तिला ज्या नावानं फक्त तिची आई हाक मारायची, त्या नावानं, कानडीत. तिनंच कधीतरी सांगितलं असणार.

माझ्या तळहाताखाली तिनं ओ दिली.

२३ एप्रिल
पिराजीकडं गेले. दुकान बंद. सासनकाठीबरोबर जोतिबाच्या यात्रेला गेलाय. सगळेच गेलेत. शेजारच्या दुकानदाराला पाटी दाखवली. त्यानं वाचली आणि पोरांना दाखवली. हसले.

२४ एप्रिल
मल्लव्वा सकाळी आली. तोंड उघडत होती. हवा.

माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय द्यायचं. दोघी उंबऱ्यावर बसून राहिलो. भिंतीपलीकडं आम्ही दोघी बोलत होतो. मी विचारत होते, आज काय केलंस गं. ती म्हणत होती, चवळी. हसत होतो.

मग मल्लव्वाच्या आवाजानं विचारलं, श्रीशैल कधी यायचाय.

माझ्या आवाजानं सांगितलं. उद्या.

२५ एप्रिल
श्रीशैल, ही वही तुझ्यासाठी उघडी ठेवते. तुला वाचता येतं. हे पहिलं वाच. घरातनं हाक येईल. तुझ्या आईची. तिला ओ देऊ नकोस. तुझी आई बोलू शकत नाही, मीही नाही. आधी आमच्या तोंडाकडं बघ, मग पाटी वाच.

पाटीवरही लिहिलंय. ओ देऊ नकोस. दोन्ही बाजूंनी. मल्लव्वाला दारात उभं केलंय, पाटी तिच्या छातीशी धरून. तिला काय लिहिलंय ते आज माहीत आहे. ओ आणि न तिला ओळखता येतात. बोट ठेवून दाखवले मला.

ट्रक वाजला —

वळणावर आहे. धूळ —

मल्लव्वानं पाटी वर धरलीय. तो उतरला. गुलाल आहे अंगावर, म्हणजे तोही जोतिबाहून. हसतोय. आईकडं बघतोय, पाटीकडं नाही —

आतनं हाक. तिच्या आवाजात, तो लहान असताना मारायची तशी —

मल्लव्वा मान हलवतेय, नको, नको — तो तिच्या मागं दाराकडं बघतोय, तोंड उघडतोय, मी तिच्या हातातली पाटी घेऊन